एका बहिणीसाठी

“हे बघ पल्लवी, बाळ म्हणजे देवाची देणगी. देणगी आपण निवडून घेत नाही आणि दारात आल्यावर परतही पाठवत नाही. पटतंय का?”

“पटतंय ना ताई,” पल्लवी म्हणाली आणि तिनं बेकरीतलं कडक बटर चहात बुडवलं.

तिला सातवा लागला होता आणि माझं हे भाषण तिला आता तोंडपाठ झालं होतं. पुढचं वाक्य सुरू करायला मी श्वास घेतला, तेवढ्यात स्टोव्हवरच्या आल्याच्या चहाची वाफ नाकात शिरली आणि पोटात असं ढवळून आलं की पदर तोंडाला लावून मी मोरीकडे पळाले.

परत आले तेव्हा एस्तेरबाई सुईत दोरा ओवत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, “काय गं सरू?”

“ॲसिडिटी,” मी म्हटलं.

“हं,” एस्तेरबाई म्हणाल्या.

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. श्रीरामपूरला आमच्या चर्चच्या मागे एक पत्र्याची खोली आहे. तिथे महिला मंडळानं ‘विसावा’ सुरू केला होता. लग्नाआधी दिवस गेलेली पोर असो, नवऱ्यानं टाकलेली बाई असो, जिला पोटातल्या बाळाचं काय करावं कळत नाही अशी कुणीही तिथे यायची. तिला जेवण, दवाखान्याची सोबत आणि राहायला जागा मिळायची. धर्म बदलायची अट नव्हती. पल्लवी तर आमच्या ‘आमेन’ला दोन्ही हात जोडून कपाळाला लावायची आणि गळ्यातला खंडोबाचा टाक चाचपायची. तिला लग्नाचं वचन देऊन एक जण पुण्याला पळाला होता. सत्तरी उलटलेल्या एस्तेरबाई रणदिवे एकट्या राहायच्या, पल्लवी त्यांच्याकडेच होती.

आणि या विसाव्याची अध्यक्ष मी, सरोजिनी जयवंत भालेराव. नियम सगळे मी घातलेले. पहिला नियम, आलेल्या बाईला बापाचं नाव विचारायचं नाही. दुसरा, ती स्वतःहून सांगेपर्यंत तिचंही नाव विचारायचं नाही. तिसरा नियम दुपट्याचा. येणाऱ्या प्रत्येक बाळासाठी मंडळातल्या प्रत्येक बाईनं आपल्या जुन्या लुगड्याचा किंवा साडीचा तुकडा द्यायचा, सुती आणि धुऊन धुऊन मऊ झालेला, आणि सगळ्यांनी मिळून दुपटं शिवायचं. बाळाला बाप नसला तरी पांघरायला इतक्या आया आहेत, असं मी त्यावर भाषण करायचे. भाषणं मला फार यायची.

विसाव्यात आलेली प्रत्येक बाई पहिल्यांदा एकच वाक्य म्हणायची, “माझं तसं नाही हो.” म्हणजे इतर बायकांचं ठीक आहे, त्यांना देव आहे, धीर आहे, पण माझी गोष्ट वेगळी. हे वाक्य ऐकलं की मी मंद हसायचे. ते हसू मी आरशात बघून बसवलेलं होतं, आता सांगायला काय हरकत आहे?

तर त्या फेब्रुवारीत, तोंडावर ओढणी गुंडाळून, जिथे आपल्याला काळं कुत्रं ओळखत नाही अशा संगमनेरच्या एका दवाखान्यात मी बसले होते. पाळी थांबली होती. या वयात थांबतेच, म्हणून मी मुळात उशिराच गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हात धुतले आणि म्हणाल्या, “दिवस गेलेत तुम्हाला.”

“कुणाला?” मी विचारलं.

खोलीत आम्ही दोघीच होतो.

माझं वय चव्वेचाळीस. मुलगी सुवार्ता बावीसची, तिचं लग्न मे महिन्यात ठरलेलं. व्याही जालन्याचे पाटोळे, मोठं खानदान, विहीणबाई शाळेच्या मुख्याध्यापिका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय आहे, रक्तदाब थोडा वर आहे, ठेवायचं तर तपासण्या कराव्या लागतील आणि नको असेल तर वेळ घालवू नका. मी तोंड उघडलं आणि काय म्हणाले असेन?

“माझं तसं नाही हो डॉक्टर.”

त्यांनी विचारलं, “तसं म्हणजे कसं?” आणि अध्यक्षबाई पर्सची चेन उघडझाप करत बसल्या. शेवटी त्याच म्हणाल्या, “पुढच्या सोमवारी या. ठरवून या.”

ठरवायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एका मिनिटाला वाटायचं, जाऊन मोकळं व्हावं, कुणाला कळायचंही नाही. दुसऱ्या मिनिटाला पोटावर हात जायचा, आपोआप. मग डोळ्यांपुढे मांडव यायचा. स्टेजवर लेक नवरी आणि शेजारी पोट घेऊन नवरीची आई. पाटोळेबाई चष्मा वर करून बघतायत. आणि मंडळातल्या बायका, ज्यांना मी इतकी वर्षं संयम, धीर आणि देणगी शिकवली, त्या पदराआड हसतायत. त्या हसण्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती, बाळापेक्षाही. लाज वाटते सांगायला, पण होतं ते असं होतं.

आमच्या ह्यांना मी त्या मंगळवारी संध्याकाळी सांगितलं. हे शाळेत भूगोल शिकवायचे. स्वभावानं इतके अबोल की वर्गातली पोरंसुद्धा त्यांना हातातल्या नकाशावरूनच ओळखायची. ओट्याशी बसून मटार सोलत होते. मी एका दमात सांगून टाकलं. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“आता?” ते म्हणाले.

“आता नाही तर काय पुढच्या वर्षी? अहो, काहीतरी बोला!”

त्यांनी ती शेंग सोलली, दाणे नीट भांड्यात टाकले आणि म्हणाले, “तू म्हणशील तसं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडद्याचा रंग विचारा, तू म्हणशील तसं. लेकीसाठी स्थळ आलं, तू म्हणशील तसं. “मला नाही कळत काय म्हणायचं ते,” मी ओरडले, “म्हणून तर तुम्हाला विचारतेय!” आणि ओरडता ओरडता रडायला लागले. ते उठले, पाण्याचा पेला आणून माझ्या हातात दिला आणि शेजारी उभे राहिले.

“सुवार्ताला सांगायचं नाही,” मी म्हटलं. “कुणालाच नाही. शपथ घ्या.”

“शपथ आपण घेत नाही. पण मी प्रार्थना करतो.”

“मनातल्या मनात करा. माझं नाव कुणापुढे घ्यायचं नाही.”

“नाही घेणार नाव,” हे म्हणाले. आणि माणूस शब्दाचा पक्का. नाव त्यांनी खरंच घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला होता, त्यामुळे दर बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनासभा असायची. मी ॲसिडिटीचं कारण सांगून घरी राहिले. सुवार्ता पेटी वाजवायला गेली आणि हेही गेले. परत आले तेव्हा ह्यांचा चेहरा मोकळा दिसला. आल्या आल्या स्वतः चहा टाकला, माझ्यासाठी आलं न घालता.

“काय झालं? स्वारी खुशीत?”

“काही नाही. बरं वाटलं प्रार्थनेनं.”

“माझं नाव नाही ना घेतलं?”

“छे,” हे म्हणाले.

गुरुवारपासून मात्र जगाचा नूरच पालटला. सकाळी पाळकबाईंनी आवळ्याच्या मोरंब्याची बरणी पाठवली. तीन घरं पलीकडच्या लोंढेबाई, ज्या माझ्याशी गायनमंडळातल्या जागेवरून वर्षभर बोलत नव्हत्या, त्या दारात येऊन म्हणाल्या, “सलाम सरोजिनीबाई. दळण मी नेऊ का तुमचं? जड उचलू नका.” बाजारात चर्चच्या मंडळीतले म्हातारे खरातकाका भेटले, त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि घरापर्यंत आणून दिली. वाटेत दोनदा डोळे पुसले. आणि घरी सुवार्ता! जी मुलगी उठल्यावर अंथरूण आवरायची नाही, ती पहाटे उठून पाण्याच्या बादल्या भरत होती.

मी काय निष्कर्ष काढला असेल? मला वाटलं, हा मुलीच्या आईचा मान. लेकीचं लग्न म्हटलं की सगळं गाव कसं धावून येतं! चर्चच्या पायऱ्यांवर तीन बायकांनी एकाच वेळी तीन खुर्च्या माझ्यापुढे सरकवल्या, तेव्हा मी तिन्हींकडे बघून ते आरशातलं मंद हसू हसले. मनात म्हटलं, बिचाऱ्यांना काही कळलं नाही. किती बेमालूम लपवलं मी!

शुक्रवारी विसाव्यात गेले तर सगळ्या जणी सतरंजीवर गोल करून बसलेल्या आणि मध्ये नवं दुपटं मांडलेलं. तुकडे जुळवणं चाललं होतं. मी आत शिरले तशी बडबड बंद झाली.

“कुणाचं हे?” मी विचारलं. “पल्लवीचं तर झालं शिवून.”

पल्लवी खाली मान घालून धागा तोडत होती. लोंढेबाईंना एकाएकी ठसका लागला.

“एक बहीण आहे,” एस्तेरबाई म्हणाल्या.

“कोण? कधी आली? मला कसं कळवलं नाही?”

“आली नाही अजून.”

“आली नाही आणि दुपटं शिवताय? आपण सातव्याच्या आधी कधी शिवतो का?”

“तिला आत्ताच लागणार आहे.”

“पण नाव काय तिचं?”

एस्तेरबाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. “सरू, नाव विचारायचं नाही, हा नियम कुणाचा गं?”

आता माझाच नियम म्हटल्यावर काय बोलणार? पण मी फुगले ती फुगलेच. मी अध्यक्ष आणि माझ्या पाठीमागे नवी बाई येते, दुपट्याला हात लागतो आणि मला कुणी विचारत नाही! त्यात पोटात वेगळंच वादळ. सोमवार जवळ येत चाललेला, काही ठरत नव्हतं आणि इथे कुण्या बयेच्या बाळासाठी ह्या सगळ्या इतक्या मायेनं दोरा घालतायत. मला तिचा हेवा वाटला, अगदी खरं सांगते. तिचं काय, तिला विसावा आहे, मी कुठे जाऊ?

“तुझा तुकडा आण,” एस्तेरबाई म्हणाल्या. “तुझाच राहिलाय.”

घरी येऊन कपाट उघडलं. अगदी खाली माझी जांभळी सुती साडी होती. सुवार्ताच्या वेळी दवाखान्यातून हीच नेसून घरी आले होते आणि हिच्याच अर्ध्या भागाचं सुवार्ताचं दुपटं केलं होतं. ते दुपटं अजून तिच्या ट्रंकेत होतं. साडी हातात घेतली, नाकाशी धरली. कापूस इतका मऊ झाला होता की बोटं बुडत होती. मी पलंगावर बसले आणि तो कपडा तोंडाशी धरून हुंदके देऊन रडले. मग डोळे पुसले आणि साडी होती तिथे ठेवून दिली. कुणा अनोळखी बाईच्या पोरासाठी ती फाडायची, असा काय पुळका आलाय? वरच्या कप्प्यात एक नायलॉनची होती, हिरवी, जरीच्या ठिपक्यांची, कुणीतरी आहेर केलेली, अंगाला टोचते म्हणून कधी न नेसलेली. कात्री घेतली, तिचा चौकोन कापला आणि नेऊन दिला.

एस्तेरबाईंनी तुकडा हातात घेतला, अंगठ्यानं चोळून पाहिला. “नायलॉन?”

“लग्नघर आहे. हाताला लागलं ते आणलं.”

“बरं,” त्या म्हणाल्या. आणि का कोण जाणे, पण त्या वेळी सगळ्या बायका एकमेकींकडे बघायच्या टाळत होत्या.

सोमवार उजाडला. लग्नाच्या साड्या बघायला संगमनेरला जाते, असं सुवार्ताला सांगितलं. ती म्हणाली, “आई, सावकाश जा,” आणि माझ्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवली. हे चपला घालून दारात उभे होते.

“मी येऊ?”

“कशाला? शाळा आहे तुमची.”

“रजा टाकलीय.”

“नको. तुम्ही बरोबर आलात तर मला काहीच ठरवता येणार नाही.”

मी कोपऱ्यावरून वळून पाहिलं तेव्हाही हे दारात तसेच उभे होते, चपला घातलेले. मला आत कुठेतरी तुटलं. माणूस बोलत नाही म्हणून त्याला काही वाटत नाही असं थोडंच आहे?

स्टँडवर संगमनेरची गाडी लागायची होती. मी कडेच्या बाकावर बसले, ओढणी गुंडाळली, डोळे तेवढे उघडे ठेवले. जाऊन काय सांगायचं, ते अजून ठरलं नव्हतं. हो म्हणावं तर लेकीचं लग्न, नाही म्हणावं तर आपलं भाषण. देवाला म्हटलं, बाबा रे, एकदा तरी स्पष्ट बोल. देवानं उत्तर दिलं नाही, पण धापा टाकत पल्लवी आली. सात महिन्यांचं पोट, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात कागदाची पुडी.

ती सरळ माझ्याशेजारी येऊन बसली.

“तू मला ओळखलंस कसं?” मी ओढणीतून विचारलं.

“ताई, अख्ख्या स्टँडवर तुमी एकट्याच तोंड बांधून बसल्यात. पोलीस पण बघायलेत तुमच्याकडं.” तिनं थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला, पुडीतलं बटर काढून माझ्या हातात दिलं. “आलं नाही घातलेलं. एस्तेरबाईंनी पाठवलंय. म्हणाल्या, जा, तिच्याजवळ बस आणि काही विचारू नको.”

मी चहाचा घोट घेतला. चांगला झाला होता. मग एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि चहा हातावर सांडला.

“आलं नाही घातलं म्हणजे? एस्तेरबाईंना काय माहीत? पल्लवी, तुला कुणी काय सांगितलं?”

“काकांनी.”

“आमच्या ह्यांनी? नाव घेणार नाही म्हणाले होते!”

“नावानं नाही बोलले ते,” पल्लवी घाईघाईनं म्हणाली. “नाव बिलकुल नाही घेतलं. बुधवारी प्रार्थनेला पाळकसाहेब म्हणाले ना, कुणाची काही विनंती असेल तर सांगा. तर काका उठले. मला सुवार्ताताई म्हणाल्या, पप्पा जन्मात कधी उभे राहिले नाहीत. काका म्हणाले, ‘एका बहिणीसाठी प्रार्थना करा. तिचं वय चव्वेचाळीस आहे. तिला दिवस गेलेत. तिच्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे. नाव सांगायला तिनं मनाई केलीय.’”

मी कपाळावर हात मारून घेतला. चोवीस वर्षं संसार केला आणि या गृहस्थानं भर मंडळीत मला बहीण करून टाकलं! मे महिन्यात लग्न असलेली मुलगी आमच्या मंडळीत एकच होती आणि ती तिथेच पेटीवर बसलेली.

“मग?” मी कसंबसं विचारलं.

“मग म्हणाले, ‘ती फार घाबरलीय. ती दुसऱ्यांना धीर देती, म्हणून तिला धीर द्यायला कुणी जात नाही.’ अन् खाली बसले. अन् पुन्यांदा उठले. म्हणाले, ‘तिच्या नवऱ्यासाठी पण करा. त्याला बोलता येत नाही.’”

स्टँडवर कंडक्टर ओरडत होते, शेंगावाले फिरत होते आणि मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना. ओढणी भिजून तोंडाला चिकटली. शेवटी ती काढूनच टाकली. लपवायचं कुणापासून? गुरुवारचा मोरंबा, खरातकाकांचे डोळे, तीन खुर्च्या, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. आणि मी ते मंद हसू हसत होते! शरमेनं कानशिलं तापली.

“हसल्या का गं सगळ्या?” मी विचारलं.

“कशाला?”

“मला. म्हातारपणी डोहाळे.”

“बुधवारी कुणी नाही हसलं. लोंढेबाई रडल्या.” पल्लवीनं बटरचा तुकडा मोडला. “शुक्रवारी हसल्या. तुमी गेल्यावर. नायलॉनला.”

“म्हणजे ते दुपटं...”

“तुमचंच की. लोंढेबाई म्हणाल्या, हे टोचंल बाळाला, काढून टाकू. एस्तेरबाई म्हणाल्या, राहू द्या, तिनंच आणलंय, तिचंच पोरगं भोगंल.”

आता मात्र मी हसलेच, इतकी की बाकावरचा माणूस उठून दुसरीकडे बसला. हसू ओसरल्यावर खरा प्रश्न होता तिथेच उभा होता. गाडी लागली. लोक चढायला लागले.

“पल्लवी, मी कशाला चाललेय ते तुला माहीत आहे?”

“माहीत आहे. तुमी निघाल्या तसे काका पळत येऊन म्हणाले, ती बहीण संगमनेरच्या दवाखान्याला निघालीय.”

“मग सांग ना काहीतरी. मी तुला इतकं सांगायचे.”

तिनं थर्मासचं झाकण लावलं. “ताई, राग नका मानू. तुमचं भाषण चांगलं असतंय. पण मी आले तवा पोटातल्याला रोज शिव्या द्यायची. तुमचं ऐकून नाही थांबले. एका दुपारी एस्तेरबाईंनी काही न बोलता माझे सुजलेले पाय मांडीवर घेतले अन् चेपले, तवा थांबले. मी काय सांगू तुमाला? तुमी जावा, नाहीतर नका जाऊ. जे व्हायचं ते होऊ द्या, दुपटं तर शिवून होणारच. तुमाला नाही लागलं तर माझं बाळ दोन पांघरील.”

इतकी वर्षं त्या खोलीत बसून मला हे एक वाक्य जमलं नव्हतं. मी तिचा हात धरला.

“सुवार्ता?” मी विचारलं. “तिला किती लाज वाटली असेल.”

“पहिल्यांदा रडल्या. पेटीवर डोकं ठेवून. मग एस्तेरबाईंना म्हणाल्या, मांडवातल्या स्टेजच्या पायऱ्या उंच असतात, आई कशी चढणार, बुटक्या करून घ्या म्हणून सांगते. अन् शनिवारी सकाळी दुपट्याला तुकडा आणून दिला त्यांनी. त्यांच्या स्वतःच्या लहानपणच्या दुपट्याचा कोपरा कापलाय. जांभळा. लई मऊ आहे, ताई. मधोमध लावलाय तो.”

जी साडी मी नाकाशी धरून परत कपाटात ठेवली, तीच माझ्या लेकीनं न सांगता दुपट्यात नेऊन ठेवली होती. मला ओक्साबोक्शी रडू आलं. पल्लवीनं मला रडू दिलं, फक्त पाठीवरून हात फिरवत राहिली आणि दुसऱ्या हातानं बटर खात राहिली, कारण तिलाही भूक लागली होती.

कंडक्टरनं घंटी मारली. “संगमनेर, संगमनेर! बाई, यायचंय का?”

“यायचंय,” मी म्हटलं आणि उठले. पल्लवीही उठली. “तू कुठे?” म्हटलं तर म्हणाली, “सोबत. विसाव्याचा नियम आहे, दवाखान्यात एकटं पाठवायचं नाही.” हाही नियम मीच घातलेला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “ठरलं का?”

मी फार मोठं काहीतरी म्हणायच्या तयारीत होते. देणगी, देव, कृपा, सगळं जिभेवर होतं. प्रत्यक्षात एवढंच बाहेर पडलं, “तपासण्या लिहून द्या. आणि मला फार भीती वाटते.”

“वाटणारच,” त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. मग दाराशी टेकून उभ्या असलेल्या पल्लवीकडे बघितलं. “ह्या कोण तुमच्या?”

“बहीण,” पल्लवीनं सांगून टाकलं.

संध्याकाळी गाडीतून उतरले तर हे स्टँडवर उभे. चपला सकाळच्याच. मी म्हटलं, “ठेवायचंय.” त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, थोडं चालले आणि मग म्हणाले, “मलाही तसंच वाटत होतं.” मी रस्त्यात थांबले. “मग आधी का नाही बोललात?” तर म्हणतात, “तू म्हणशील तसं म्हणालो होतो ना.” मी हात टेकले.

मे महिन्यात लग्न झालं. स्टेजच्या पायऱ्या इतक्या बुटक्या केल्या होत्या की वरपक्षाचे लोक चालता चालता अडखळत होते. पाटोळेबाईंनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं, आणि नवरानवरीच्या शेजारची स्वतःची गादीची खुर्ची उचलून मला दिली. त्यांच्या सासूबाईंनाही शेवटचं मूल पंचेचाळिशीत झालं होतं म्हणे, आणि तेच मूल म्हणजे त्यांचा नवरा. मला हे आधी कळलं असतं तर निम्मी रडारड वाचली असती.

मुलगा झाला. नाव ठेवलं शांतवन आणि पहिलं वर्षभर त्यानं एक दिवस कुणाला शांत बसू दिलं नाही. दुपट्यात बाकी सगळे मऊ तुकडे सोडून त्याला झोपायला ते हिरवं नायलॉनच लागायचं. दोन बोटांत धरून खरखर चोळत बसायचा, तेव्हा कुठे डोळा लागायचा. एस्तेरबाई असेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगायच्या. मीही सांगू द्यायचे. विसाव्यात आता मी चहा करते, आल्याचा आणि बिनआल्याचा.

गेल्या आठवड्यात शांतवन कॉलेजच्या होस्टेलला गेला. बॅग भरताना दुपटं घडी करून तळाशी ठेवलं, आई बघत नाहीये असं समजून. मग पुन्हा काढलं, त्या कोपऱ्यावर अंगठा घासला आणि मला विचारलं, “आई, एवढ्या मऊ दुपट्यात हा खरखरीत तुकडा लावला कुणी गं?”

“होत्या एक अध्यक्षबाई,” मी म्हटलं. “त्यांना वाटलं, दुपटं दुसऱ्या कुणाचं तरी आहे.”